गुडघे बोलायला लागलेत, माळ काही सुटत नाही

कुसळ
नमस्कार मंडळी. वर्षभर नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. प्रश्न साधा आहे, पण मागची हकीकत सांगितल्याशिवाय तो कळायचा नाही.

मी सोलापूरचा, वय ६८. पोटापाण्यासाठी लग्नाचे फोटो काढले. नवी पेठेजवळ छोटा स्टुडिओ आहे, आता मुलगा बघतो. पण जीव पहिल्यापासून माळरानावर. लग्नसराई संपली की तुळशीच्या लग्नापर्यंत हाताला काम कमी. त्या दिवसांत सायकलच्या दांडीला कॅमेऱ्याची पिशवी बांधून हिप्परग्याला जायचं, नाहीतर पहिल्या एसटीने नान्नज. पुढे लूना आली, मग स्कूटर. १९८० पासून धरलं तर ४५ वर्षं झाली. हिमालय एकदा पाहिला, कोकण दोनदा. बाकी जे काढलं ते घरापासून चाळीस किलोमीटरच्या आत.

आता प्रश्न. माझ्याकडे ५०० एमएम एफ ४ लेन्स आहे, लांबचा पक्षी जवळ आणणारी. २००९ साली एकाकडून जुनी घेतली, त्यासाठी दोन सीझनची कमाई घातली. वजन पावणेचार किलोच्या वर, बॉडी आणि ट्रायपॉड वेगळा. माळावरचा पक्षी त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढायचा तर पोटावर झोपावं लागतं. झोपतो अजून, पण उठायला कोणाचा तरी हात लागतो. डॉक्टर म्हणतात उकिडवं बसू नका. मुलगा म्हणतो, "बाबा, विकून टाका, आज आहे तर चार पैसे येतील."

विकू का? विकून हलकं काही घेऊ, की आता पुरे म्हणू? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगावं.

शेंगाचटणी
काका, विकू नका. कारण नंतर सांगते, कुकर लावलाय.

पुण्यात सोलापूरकर
काका, राग मानू नका, पण मनापासून विचारतो. माझी पहिली २२ वर्षं सोलापुरात गेली. कॅमेरा हातात आला तो पुण्यात आल्यावर. कास, ताम्हिणी, हरिश्चंद्रगड सगळं झालं. सोलापूर म्हटलं की मला धूळ, ऊन आणि उसाच्या ट्रॉल्या आठवतात. चाळीस किलोमीटरात ४५ वर्षं काढण्यासारखं आहे काय तिथं?

बार्शीरोड
@पुण्यात सोलापूरकर, बावीस वर्षं राहून दिसलं नाही तर दोष सोलापूरचा नाही हो. नान्नजचं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य १९७९ सालचं आहे. काळवीट, लांडगा, खोकड, धाविक आणि पखुर्डी हे माळावरचे पक्षी, हिवाळ्यात भोवत्या हे शिकारी पक्षी. शहरातच कंबर तलाव. वर उत्तरेला एकरुखचा म्हणजे हिप्परग्याचा तलाव, तोही ब्रिटिशांच्या काळातला. पश्चिमेला उजनीचं पाणी आणि त्यावर रोहित (फ्लेमिंगो). अजून काय पाहिजे?

कुसळ
बार्शीरोड, दमानं घ्या. त्यांनी सरळ विचारलंय, मी सरळ सांगतो.

माळ पहिल्या फेरीत काही देत नाही. डोंगर, धबधबा तुमच्या अंगावर येतो. माळावर नजर अडेल असं काही नसतं, त्यामुळे नवीन माणूस चारी बाजूंना बघतो आणि परत जातो. मीही पहिली दोन वर्षं तसाच परत येत होतो. मग एका जागी बसायला लागलो. नान्नजच्या अलीकडे रस्त्यापासून आत एक बांध आहे, त्यावर एक हिवराचं झाड. तिथं बसून काय काय दिसलं ते सांगतो.

जूनचा पहिला पाऊस झाला की डोंबारी चंडोल वर चढतो. चिमणीपेक्षा लहान पक्षी, नराचं पोट काळं, डोक्यावर राखेचा रंग. उंच जातो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीला लागणार तेवढ्यात पुन्हा वर. डोंबाऱ्याच्या पोराने दोरावर करावं तसं, म्हणून नाव डोंबारी. ते पडणं फ्रेममध्ये धरायला मला तीन पावसाळे लागले. फिल्मचा काळ, ३६ फोटोंचा रोल. एका सकाळी रोल संपायचा आणि सगळ्यात नुसतं आभाळ निघायचं.

ऑक्टोबरात गवत पिकतं. पवन्या पिवळा पडतो, कुसळी तांबूस होते, आणि सकाळी सूर्य समोर ठेवून बसलात तर अख्खा माळ पेटल्यासारखा दिसतो. एप्रिलमध्ये तेच रान टकलं, पांढरं. तेव्हा उरलेल्या एका डबक्यावर ऊन चढायच्या सुमाराला पखुर्ड्या येतात, रोज साधारण त्याच वेळेला. नर पाण्यात पोट बुडवून बसतो. पोटाची पिसं पाणी शोषून घेतात आणि ते पाणी तो कुठल्या कुठे पिल्लांना नेऊन पाजतो. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा शटर दाबायचं राहून गेलं.

अक्कलकोटकर
वा काका. "बसायला लागलो" हे पटलं. आमचा हत्तरसंग कुडलही तसाच. लोक शिलालेख बघायला येतात, शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा मराठी लेख आहे, बघायलाच पाहिजे. पण अर्ध्या तासात गाडीत बसतात. भीमा आणि सीना जिथं मिळतात तिथं संध्याकाळपर्यंत थांबलं तर दोन्ही पाण्यांचे रंग वेगळे ओळखू येतात, निदान पावसाळ्यानंतर तरी मला आलेत.

हाडांचा मित्र
व्यवसायाने डॉक्टर आहे, त्यामुळे गुडघ्यापुरतं बोलतो. तपासल्याशिवाय उपचार सांगणार नाही, पण सर्वसाधारण गोष्टी अशा: या वयात झिजेचा त्रास असेल तर पोटावर झोपणं हा गुडघ्याचा शत्रू नाही. त्रास उठताना होतो, कारण तेव्हा सगळा भार वाकलेल्या गुडघ्यावर येतो. आधी कुशीवर वळा, हातांवर भार घ्या, एक पाय पुढे टेका आणि काठीच्या, नाहीतर ट्रायपॉडच्या आधाराने उठा. मांडीचे पुढचे स्नायू बळकट करा. खुर्चीवर बसून पाय सरळ करून दहा मोजायचं, दोन्ही पायांनी, रोज. माझ्याकडचे निम्मे पेशंट हे करत नाहीत आणि गोळी मागतात. आणि चालणं थांबवू नका, थांबवलं की गुडघा जास्त आखडतो.

लेन्स विकायची की नाही हे माझ्या शास्त्रात नाही.

हिप्परगेकर
डॉक्टरसाहेब, तुमच्या शास्त्रात नसलं तरी मत द्या की.

हाडांचा मित्र
मत विचारलंत तर: जो माणूस पहाटे पाचला उठून माळावर जातो त्याला मी घरी बसा म्हणणार नाही. त्याचं तेच औषध आहे.

यंत्रवेडा
काका, वजनाचं बोलू. निकॉनची ५०० पीएफ आहे, एफ ५.६, वजन १ किलो ४६० ग्रॅम. म्हणजे तुमच्या लेन्सच्या निम्म्याहून कमी. कॅननची आरएफ १०० ते ५०० साधारण तेवढीच. सोनीची २०० ते ६०० दोन किलोच्या थोडी वर. सिग्मा आणि टॅमरॉनच्या १५० ते ६०० दोन किलोच्या आसपास, आणि जुन्या बाजारात परवडणाऱ्या. एफ ४ सोडताना निदान एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड जाईल, पण आजच्या बॉडीत आयएसओ (उजेड टिपायची क्षमता) ३२०० सहज चालतो. तुम्ही ज्या काळात ५० आणि १०० च्या स्लाइड फिल्मवर पक्षी काढलेत त्यापुढे हे काहीच नाही.

माझा सल्ला: विका आणि हलकी घ्या. वस्तूत जीव अडकवू नये.

चादरवाला
मी फोटोवाला नाही, पण वस्तूत जीव अडकवू नये हे मला नाही पटत. आमच्या घरी आजोबांची कात्री आहे, अजून तीच चालते.

एक विचारू? ते झोपून काढता तेव्हा लेन्स कशावर ठेवता?

कुसळ
छोट्या ट्रायपॉडवर, पाय पूर्ण पसरून. पूर्वी वीट घेऊन जात होतो.

हिप्परगेकर
काका, पिशवी वापरा, धान्याची. गाडीच्या खिडकीवर टाकायची, त्यावर लेन्स. पक्षी माणसाला घाबरतो तेवढा गाडीला घाबरत नाही. मी हिप्परग्याच्या बांधावर गाडीतून पट्टकादंब काढलेत. हिमालय ओलांडून येणारं ते बदक (हंसच म्हणा) माझ्या खिडकीपासून शंभर फुटांवर चरत होतं. उतरलो असतो तर अख्खा थवा तलावाच्या मध्यात गेला असता.

बार्शीरोड
पिशवीत काय भरता? मी राजमा भरला होता, भुंगे झाले.

हिप्परगेकर
करडई. बारीक, गुळगुळीत, लेन्सखाली नीट बसते. ज्वारीही चालते, पण उन्हाळ्यात किडे होतात. दरवर्षी बदलायची.

अक्कलकोटकर
ज्वारी भरली तर जानेवारीत माळावरच हुरडा पार्टी होईल, शेंगाचटणी आहेतच.

चादरवाला
काका, शिवण माझ्याकडं. जुनी जाड चादर आहे, दुहेरी शिवतो, तोंडाला दोरी. माप सांगा.

धाविक
नमस्कार काका. मी २४ वर्षांची, प्राणिशास्त्रात एमएस्सी केलंय. कॅमेरा मैत्रिणीचा, लेन्स ३०० ची. तुमचं "एका जागी बसायला लागलो" वाचून काल पहिल्यांदा एकाच बांधावर तीन तास बसले. साडेपाचच्या सुमाराला भोवत्या यायला लागले. एक, दोन, मग आठ. गवतावर खाली खाली गिरक्या घेत एकेक आत उतरला आणि दिसेनासा झाला. झाडावर कोणीच नाही! हे जमिनीवर झोपतात हे पुस्तकात वाचलं होतं, पण बघितल्यावर अंगावर काटा आला. फोटो एकही नीट नाही, अंधार पडला होता. तरी सांगावंसं वाटलं.

कुसळ
बाळ, हा धागा काढल्याचं सार्थक झालं. ते पार मध्य आशियातून येतात, मार्च-एप्रिलमध्ये परत जातात. गवत उभं असेल तरच झोपतात. कापलं, जाळलं की दुसऱ्या दिवशी थवा गेला. उतरताना जवळ जाऊ नको, बॅटरी मारू नको, पूर्ण अंधार होईपर्यंत बसून राहा आणि मग मागच्या मागे नीघ.

क्लिकमास्टर
धाविक हे नाव बघून आठवलं. धाविकची घरटी नान्नजकडे नेमकी कुठं मिळतात? कोणी लोकेशन टाकेल का? अंड्यांसह फोटो पाहिजे, स्पर्धेला पाठवायचाय.

धाविक
नाही टाकणार.

क्लिकमास्टर
अहो, मी काय अंडी नेणार आहे का? दहा मिनिटं, दोन फोटो. जुन्या फोटोग्राफरांनी सगळ्यांनीच घरट्यांचे फोटो काढलेत. तेव्हा चाललं, आता गुन्हा?

कुसळ
क्लिकमास्टर, तुमच्यावर रागावत नाही, कारण त्या जुन्यांत मी एक आहे. घडलेलं सांगतो.

१९९१, एप्रिल. धाविकची दोन अंडी सापडली. घरटं असं नसतंच, उघड्या जमिनीवर ठेवलेली, मातीच्या रंगाची. मी पंधरा पावलांवर झोपलो, डोक्यावर ओला टॉवेल, बाजूला छत्री टेकवलेली. मादी लांब उभी. थोडं पुढे यायची, थांबायची, मागे पळायची. मला वाटलं येईल. उन्हाचं भान नव्हतं, फोकसचं होतं.

मेंढरं घेऊन एक धनगर आले, वयस्कर. माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "दादा, ती उन्हात पोरावर सावली धरायला आलीया, आन् तुमी सोताच्या डोक्यावर छत्री धरून बसलाय व्हय?"

मी उठलो. घड्याळ बघितलं तर चाळीस मिनिटं झाली होती. एप्रिलमध्ये तो पक्षी अंडी ऊब द्यायला उबवत नाही, सावली द्यायला वर उभा राहतो. अंडं उन्हात शिजतं. पुढं त्या अंड्यांचं काय झालं ते बघायला दुसऱ्या दिवशी गेलो नाही, हिंमत झाली नाही. तो रोल धुतला, पण त्यातला एकही फोटो आजवर कोणाला दाखवलेला नाही.

त्यानंतर घरटं दिसलं की मी वाट बदलतो. दहा मिनिटं तुमची असतात. तुमच्यामागून आणखी वीस जणांची दहा-दहा मिनिटं होतात, आणि आता तर फोटोतूनच जागा कळते. फोटो टाकताना त्यातलं ठिकाण पुसून टाकत जा. अभयारण्यात तर वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल ठेवू नका.

क्लिकमास्टर
काका, वाचलं. स्पर्धेचं बघतो दुसरं काहीतरी. पण एक म्हणणं आहे. आमच्यासारख्या नव्यांना सगळीकडून "हे करू नका" एवढंच ऐकायला मिळतं. काय करावं हे कोणी सांगत नाही.

कुसळ
बरोबर बोललात. रविवारी माझ्याबरोबर चला.

अक्कलकोटकर
काका, एक विचारायचं राहून गेलं, खरं तर पहिल्याच दिवशी विचारणार होतो. माळढोक पाहिलात?

कुसळ
पाहिला. १९८६ च्या पावसाळ्यात, नान्नजलाच. पाऊस उघडला होता, गवत पोटरीपर्यंत. आधी आवाज आला. लांबून कोणी रिकाम्या रांजणात तोंड घालून हुंकार द्यावा तसा. मग टेकाडावर पांढरं काहीतरी हललं. मला वाटलं धोतर वाळत घातलंय. दुर्बीण लावली तर नर माळढोक, गळ्याची पिशवी फुगवून जवळजवळ जमिनीला टेकलेली, शेपूट पाठीवर उलटी. माणसाच्या कमरेएवढा पक्षी. माझ्याकडं तेव्हा २०० ची लेन्स. फोटोत तो तांदळाच्या दाण्याएवढा आलाय. कृष्णधवल, ऑर्वोची फिल्म, मीच स्टुडिओत धुतलेली. त्या दाण्याएवढ्या ठिपक्यासाठी मी अख्खी निगेटिव्ह लोखंडी पेटीत वेगळी ठेवलीय.

बार्शीरोड
नव्या लोकांसाठी थोडं. माळढोक मादी एका वेळी एकच अंडं घालते, तेही जमिनीवर. त्यामुळे एकदा संख्या घसरली की सावरायला पिढ्या जातात. अभयारण्य जाहीर झालं तेव्हा क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. त्यात गावंच्या गावं, शेती, शहराचाही भाग आला, लोकांना साधे व्यवहार करता येईनात, नाराजी वाढली. पुढे ते कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. दरम्यान माळाची नांगरट झाली, ऊस आला, विजेच्या तारा आल्या. या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, नजर बाजूंना आणि खाली, वजन भरपूर, त्यामुळे तार दिसेपर्यंत वळता येत नाही. आता देशात उरलेत ते दीडशेच्या आसपास, बहुतेक जैसलमेरकडे. राजस्थानात २०१९ पासून अंडी उबवून पिल्लं वाढवण्याचं काम चाललंय.

आणि सरकारी कागदावर माळ म्हणजे "पडीक". यावर माझं डोकं फिरतं. पडीक कसली? त्यावर एवढे जीव पोसलेत.

अक्कलकोटकर
आणि हे सगळं मराठी नावांनी लोकांपर्यंत पोचवणारे मारुती चितमपल्ली आपल्या सोलापूरचेच. १९३२ साली इथं जन्मले, आयुष्य वनखात्यात काढलं आणि गेले तेही इथंच, २०२५ च्या जूनमध्ये. त्याच वर्षी पद्मश्री मिळाली होती.

पुण्यात सोलापूरकर
काका, दोन दिवस हा धागा पुन्हा पुन्हा वाचतोय. माझं घर जुळे सोलापुरात होतं. लहानपणी आमच्या गच्चीवरून मोकळं रान दिसायचं, संध्याकाळी टिटव्या ओरडायच्या. मी ते "काहीच नाही" म्हणून सोडून दिलं. आता तिथं गच्चीवरून गच्च्याच दिसतात. तुमच्याकडं त्या भागाचे जुने फोटो आहेत का?

कुसळ
आहेत. होटगी रोडच्या पलीकडचं रान १९८४ ते ८८ मी बरंच फिरलोय. एका स्लाइडमध्ये काळविटांचा कळप आहे आणि मागं क्षितिजापर्यंत एकही भिंत नाही.

आता खरं सांगतो. दीड-दोन हजार स्लाइड आणि त्याच्या तिप्पट निगेटिव्ह आहेत. मुंबईला रोल धुवायला पाठवायचे म्हणजे रात्रीच्या गाडीनं जाणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हातात डबी द्यायची, आणि महिन्याने परत यायची. प्रत्येक स्लाइडच्या पुठ्ठ्यावर तारीख आणि जागा बॉलपेनने लिहिलीय, वही वेगळी. सोलापूरची हवा कोरडी, म्हणून बुरशी फारशी नाही. पण काहींचे रंग किरमिजी व्हायला लागलेत. मुलाला म्हटलं तर तो म्हणतो स्कॅनरवर बसलो तर दुकान कोण बघणार. बरोबर आहे त्याचंही.

यंत्रवेडा
काका, स्कॅनर नको! मॅक्रो लेन्स, अगदी जवळून फोटो काढायची, आहे ना तुमच्याकडं? कॅमेरा उभा खाली तोंड करून बांधा, खाली पांढऱ्या उजेडाचा एलईडी पॅनल, त्यावर स्लाइड, आणि सरळ फोटो काढा. आधी ब्लोअरने धूळ उडवायची, पुसायचं नाही, ओरखडे येतात. कच्च्या (रॉ) फाइलमध्ये काढा म्हणजे उडालेले रंग बरेच परत आणता येतात. हात बसला की तासाला शे-दीडशे स्लाइड होतात. आणि हे काम खुर्चीत बसून होतं.

पुण्यात सोलापूरकर
पॅनल माझ्याकडं आहे. दिवाळीनंतर मी आठवडाभर सोलापुरात आहे. काका, मला बसवा.

धाविक
आणि प्रत्येक जुन्या फोटोच्या जागी जाऊन तिथूनच आजचा फोटो काढता येईल ना? वहीत जागा लिहिल्यात म्हणताय. कुठं गवत होतं, कुठं नांगरलं, कुठं अजून शिल्लक आहे, हे दाखवायला सोलापुरात दुसरं कोणाकडं काय आहे?

हिप्परगेकर
हे करा. खरंच करा.

शेंगाचटणी
कुकरला चार दिवस लागले, माफ करा. घरात आजारपण होतं.

काका, विकू नका म्हटलं त्याचं कारण. आम्ही तेलुगू, सोलापूरच्या पूर्व भागातले. वडिलांना नान्ना म्हणतो. त्यांचा घरात हातमाग होता, खड्ड्यातला. पाय खाली सोडून बसायचं आणि पायांनी पट्ट्या दाबायच्या. साठीला गुडघे गेले. आम्ही भावंडांनी मिळून माग विकला. नान्नांना विचारलं होतं, ते "बरं" म्हणाले. खड्डा बुजवून वर फरशी घातली, तिथं त्यांची खुर्ची ठेवली.

त्यानंतर रोज दुपारी टीव्ही बघताना त्यांचे पाय हलायचे. डावा, उजवा, डावा, उजवा. त्यांना कळायचंही नाही. आई बघायची आणि आत जायची. सात वर्षं ते पाय तसे हलले.

हलकी लेन्स घ्या, खुर्चीत बसून काढा, नातवाला बरोबर न्या, काहीही करा. पण फरशी घालू नका.

यंत्रवेडा
ताई, मी "वस्तूत जीव अडकवू नये" म्हटलं होतं ते मागे घेतो.

चादरवाला
माझ्या आजोबांचाही खड्ड्यातलाच माग होता. काही सुचेना वाचून.

काका, पिशवी तयार आहे. फूटभर लांब, आठ इंच रुंद. लाल-काळी, मोराची नक्षी वरच्या बाजूला आलीय, तशी मुद्दाम कापली.

कुसळ
शेंगाचटणी ताई, तुमचं लिहिलेलं बायकोला वाचून दाखवलं. मुलालाही. तो काही बोलला नाही, पण सकाळी स्वतःहून म्हणाला, "रविवारी मी सोडतो तुम्हाला."

काल रविवार. मुलाने गाडी बांधाशी लावली. क्लिकमास्टर आले होते, धाविकही. चादरवाल्यांची पिशवी खिडकीवर टाकली, त्यात तीन किलो करडई. अर्धा तास भोवत्यांची वाट बघितली, एक मादी अंगावरून गेली. फोटो बरा आलाय, पण मी बघत होतो ते वेगळंच.

गाडीतून उतरून घडीच्या स्टुलावर बसलो. समोर कुसळी, दंव पडलेली. माझं इथलं नाव कुसळ आहे, पण ४५ वर्षांत कुसळाचा जवळून फोटो मी एकही काढलेला नाही, कायम मोज्यांतून उपटूनच टाकलं. १०० ची मॅक्रो लावली. कुसळाची शेपटी दोरीसारखी पिळलेली असते. दंवाने भिजलं की तो पीळ हळूहळू सुटतो, ऊन लागलं की पुन्हा चढतो. मी बघत असताना एक कुसळ डोळ्यांदेखत फिरत होतं, घड्याळाच्या मिनिटकाट्यापेक्षा थोडं जलद. असं सुटत-पिळत बी स्वतःला मातीत रोवून घेतं. टोकावर दंवाचा थेंब आणि त्या थेंबात उलटा माळ, माझ्या हिवराच्या झाडासकट. साडेआठपर्यंत तिथंच होतो. उठताना डॉक्टरसाहेब म्हणाले तसं एक पाय पुढे घेऊन उठलो, हात लागला नाही.

लेन्स विकत नाही. धाविकला या हिवाळ्यापुरती दिलीय. तिचे हात तरुण आहेत, आणि तिच्या कॅमेऱ्यावर ती बसते, तिथंच लावून बघितली. बाळ, पुढच्या टोपीचा पट्टा सैल आहे, तेवढं सांभाळ. मला हलकी घ्यायची की नाही ते लग्नसराई झाल्यावर बघू.

धाविक
काका, मी काल रात्री ती लेन्स पलंगाशेजारी ठेवून झोपले. आई दोनदा उठून बघून गेली.

हाडांचा मित्र
पाय सरळ करून दहा मोजायचं चालू आहे ना?

कुसळ
चालू आहे. बायको मोजते.

क्लिकमास्टर
मी काल २०० फोटो काढले, त्यातले चार ठेवले. त्यात एक डोंबारी आहे, बसलेला. पडतानाचा पावसाळ्यात काढणार.

पुण्यात सोलापूरकर
शनिवारी रात्री पोचतोय, पॅनल घेऊन. पहिली होटगी रोडची पेटी काढून ठेवा काका.

कुसळ
काढून ठेवली, वरच्या कप्प्यात. जेवायलाच या.